ताकात पाणी कुठलं घालता?

अहमदपूर तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. साडेतीन वर्षांचा मुलगा, जूनपासून तिसऱ्यांदा जुलाब. दर वेळी मेडिकलवरून काहीतरी आणून दिलं, या खेपेला सोबत प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला चांगल्या जिवंत जंतूंच्या, पुड्याही आल्या. घरी दोन म्हशी, दही-ताकाला तोटा नाही, मुलगा रोज जेवणावर ताक पितो. आजीचं म्हणणं, पुड्यांवर पैसे कशाला घालता, ताकानं आतडी धुऊन निघतात. वडील विचारतात: आंबवलेल्या पदार्थांतले चांगले जंतू पोटाच्या रोगांपासून राखण करतात असं सगळीकडं वाचतो, मग रोज ताक पिणाऱ्या पोरालाच हे का? पुड्या चालू ठेवू की ताकच पुरे? आणि त्याच हौदाचं पाणी पिणारा त्याचा चुलतभाऊ ठणठणीत कसा?

दादा, मी लातूर जिल्ह्यात गेली २२ वर्षं लेकरांचा दवाखाना चालवते. पहिला मोठा पाऊस पडला की आठवड्याभरात माझ्या बाकड्यांवर बसायला जागा उरत नाही. 'म्याडम, लेकरू रात्रीपासून उलट्या करायलंय, हागवण थांबंना' हे दिवसातून कितीदा ऐकते याची गणती नाही. आणि यातल्या बऱ्याच घरांत ताक असतं. तेव्हा तुमच्या घरी काही जगावेगळं घडलेलं नाही.

'ताक की पुड्या' हा मात्र तुमचा खरा प्रश्न नव्हे. खरे प्रश्न दोन. तीन महिन्यांत तीनदा जंतू त्याच्या तोंडात कुठल्या वाटेनं गेले? आणि गेल्यावर पोटानं त्यांना बस्तान का बसवू दिलं? चांगले जंतू दुसऱ्या प्रश्नात थोडेफार कामाला येतात. पहिल्यात येत नाहीत असं लिहिणार होते, पण तिथंही येतात. फक्त पोटात नव्हे, गाडग्यात. ते पुढं सांगते. मुलाला मी पाहिलेलं नाही, शौचात रक्त होतं का, मधल्या काळात तो पुरता बरा होता का, वजन किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी चुलतभावाचं. पहिल्या महायुद्धात बाल्कनमध्ये सैनिकांत रक्ती हगवणीची साथ होती. सोबतचे आडवे झाले, एक शिपाई मात्र धडधाकट. आल्फ्रेड निस्ले नावाच्या जर्मन डॉक्टरनं त्या शिपायाच्या विष्ठेतून एक जंतू वेगळा काढला. तो होता ई. कोलाय. या आतड्यातल्या जंतूचे काही वाण जुलाब लावतात, हा मात्र निरुपद्रवी, आणि काचेच्या बशीत वाढवल्यावर रोगजंतूंना हटवणारा. साल १९१७. तो वाण जर्मनीत आजही औषध म्हणून मिळतो. तुमच्या पुतण्याच्या पोटात नेमकं काय आहे हे मला सांगता येणार नाही. त्याला आधी लागण होऊन गेलेली असेल, लस मिळालेली असेल, किंवा नुसतं नशीब. पण एकाच पाण्यावरच्या दोघांपैकी एक पडतो आणि एक टिकतो, यात आतड्यात आधीपासून ठाण मांडून बसलेल्या जंतूंचाही हात असू शकतो, हे नक्की.

सोयाबीन कसं दाटून आलं की खाली तणाला ऊन मिळत नाही? जिथं बी उगवलंच नाही, तिथं मात्र पंधरा दिवसांत हराळी आणि गाजरगवत माजतं. आतड्यातही तसंच. तिथं कोट्यवधी जंतूंची गर्दी आहे. आलेल्या परक्याला ते खायला उरू देत नाहीत, आतड्याच्या अस्तराला चिकटायची जागा देत नाहीत, आम्ल तयार करतात, काही तर थेट मारक पदार्थ सोडतात. २०१८ मध्ये थायलंडच्या खेड्यांतल्या २०० माणसांवरचा एक अभ्यास आला. ज्यांच्या पोटात बॅसिलस जातीचे जंतू सापडले, त्यांच्यापैकी एकाच्याही आतड्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा रोगजंतू नव्हता. हे बॅसिलस मातीतून, भाज्यांतून, आंबवलेल्या खाण्यातून पोटात जातात. ते एक असा पदार्थ सोडतात की स्टॅफिलोकॉकसची आपसातली खूणभाषाच बंद पडते. म्हणजे मारामारी न करता नुसतं बोलणं तोडायचं. मला ही युक्ती फार आवडली.

आणि रान उघडं पडलं तर काय होतं, हे शिकागोत १९५४ मध्येच उंदरांवर दिसलं होतं. चांगल्या उंदराला साल्मोनेला या पोटाच्या रोगजंतूची लागण व्हायला सुमारे १ लाख जंतू द्यावे लागायचे. तशाच उंदराला आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक पाजलं, तर १० पेक्षाही कमी जंतूंनी काम भागलं.

हा आकडा मी मुद्दाम सांगितला, कारण 'मेडिकलवरून काहीतरी' यात माझा जीव अडकलाय. त्या रिकाम्या पट्ट्या किंवा बाटल्या घरात असतील तर नावं बघा. ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल असं जंतुनाशक औषधांचं काही जोडनाव असेल तर प्रत्येक जुलाबाला मुलाच्या आतड्यातलं रान नांगरून निघालंय. लहान मुलांचे पावसाळ्यातले बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात किंवा आपोआप आटोपणारे असतात, अँटिबायोटिक त्यांना काही करत नाही. रक्त पडत असेल, कॉलरा असेल, बाळ फार लहान किंवा आजारी असेल तर गोष्ट वेगळी. पहिली चार-पाच वर्षं मीही अशी जोड-औषधं लिहायचे. सलाईन लावलं नाही, कडक औषध दिलं नाही, तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो ही भीती असायची. समोरचाही त्याच भीतीनं लिहायचा. मग आठ-पंधरा दिवसांनी तीच लेकरं पुन्हा यायची आणि आम्ही म्हणायचो, पाणी खराब आहे. पाणी खराब होतंच, पण आतल्या राखणदारांना हाकलून लावण्यात आमचाही वाटा होता.

आता ताकाकडं येते. घरचं दही म्हणजे लॅक्टोकॉकस, लॅक्टोबॅसिलस अशा बऱ्याच जंतूंचं मिश्र बिऱ्हाड. कोणाच्या इरजणात कोण आहे हे घरागणिक वेगळं. यातले काही जठराच्या आम्लातच मरतात, काही आतड्यापर्यंत पोचतात, पण वस्ती करत नाहीत. येतात, चार दिवस राहतात, जातात. पाहुणेच म्हणा. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली: पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. यात 'जिवंत' आणि 'पुरेशा' हे दोन्ही शब्द मोलाचे, आणि फायदा दिसलेला असावा ही अटही. तेव्हा कागदावर तुमचं दही प्रोबायोटिक ठरत नाही, कारण तुमच्या इरजणावर कुणी अभ्यास केलेला नाही. म्हणून ते वाईट आहे असं नाही. बिनदाखल्याचं आहे, इतकंच.

दाखला असलेल्यांचं काय? कोलकात्याच्या झोपडवस्तीत १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांवर एक मोठा प्रयोग झाला, २०११ मध्ये छापून आला. अर्ध्यांना १२ आठवडे रोज ठरावीक जंतूचं आंबवलेलं दुधाचं पेय, अर्ध्यांना तसंच दिसणारं पण जंतू नसलेलं. जुलाबाचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे जिथं १०० वेळा जुलाब व्हायचे तिथं ८६ वेळा झाले. काहीच नाही असं नव्हे, पण ज्या आवेशानं जाहिरात होते तितकंही नाही. ओडिशाच्या खेड्यांतला प्रयोग मात्र खरंच डोळे उघडणारा. ४,५०० हून जास्त नवजात बाळं, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुरू करून फक्त ७ दिवस, निवडून काढलेला एक लॅक्टोबॅसिलस प्लँटारम आणि सोबत त्याचं खाद्य. पहिल्या दोन महिन्यांत रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू हे ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ चं हे काम. पण ती कोऱ्या पाटीची बाळं होती, जंतू वेचून घेतलेला होता, मात्रा मोजलेली होती. हे वाचून नवजात बाळाला दही चाटवायला जाऊ नका. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही नाही.

जुलाब लागल्यावर पुड्या द्याव्यात का? काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही द्यायचे. २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ मुलांवरचे दोन अभ्यास एकदम आले. पुडी दिलेली आणि न दिलेली, दोघांचे जुलाब साधारण सारख्याच दिवसांत थांबले. त्या मुलांचं खाणंपिणं, त्यांना होणारे आजार आपल्यापेक्षा वेगळे, हे खरं. पण त्यानंतर मी नेहमीच्या जुलाबाला पुडी लिहिणं सोडलं. कुणी आधीच आणली असेल तर फेकून द्या म्हणत नाही, तेवढ्याच पैशांत आधी काय घ्यायचं ते सांगते.

एका ठिकाणी मात्र पुडीला मी अजूनही मान देते: अँटिबायोटिक द्यावंच लागलं तर. कानाला, छातीला, कशालाही. अँटिबायोटिकनं होणारे जुलाब मुलांमध्ये प्रोबायोटिकनं कमी होतात, हे ३३ अभ्यास एकत्र करून पाहिलेलं आहे: नुसत्या औषधावर १९ टक्के मुलांना, सोबत प्रोबायोटिक असेल तर ८ टक्के. उजवे ठरलेले दोघे म्हणजे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बोलार्डी. मात्रा रोज किमान ५ अब्ज जंतू. बोलार्डी हे बुरशीच्या कुळातलं यीस्ट, म्हणून अँटिबायोटिक त्याला मारत नाही. पुडी घेताना जंतूचं पूर्ण नाव आणि संख्या छापलीय का ते बघा. 'पोटासाठी उत्तम' एवढंच असेल तर दुकानदाराला परत द्या. लॅक्टोबॅसिलसच्या काही पुड्यांना फ्रीज लागतो. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ४२ अंशांत महिनाभर पडलेल्या पुडीत जिवंत किती उरले असतील, तुम्हीच विचार करा. आणि दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ, शिरेत मोठी नळी असलेलं किंवा कॅन्सरच्या औषधांवर असलेलं मूल यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच प्रोबायोटिक नको. चांगला जंतूही रक्तात गेला की तिथं चोरच.

इथवरचा हिशेब एवढाच: पोटाची राखण खरी आहे, ती मुख्यतः घरच्या राखणदारांची आहे, ताकातले पाहुणे मदतीला येतात पण त्यांच्या भरवशावर दार उघडं टाकता येत नाही.

आता गाडग्याची गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

काही वर्षांपूर्वी एकाच वाड्यातली चार लेकरं आठवड्यात माझ्याकडं आली. चौथ्याला पाठवताना मला राहवेना, रविवारी गाडी काढून गावात गेले. म्हातारी चुलीजवळ बसलेली. गाडग्यात इरजलेलं दही असं की सुरीनं कापावं. तिनं ते डेऱ्यात ओतलं, रवी लावली, दोरी ओढली, घर्रघर्र आवाजात लोणी वर आलं. लोण्याचा गोळा हातानं काढून वाटीत ठेवला. मग शेजारच्या सिमेंटच्या हौदात तांब्या बुडवला, मनगटापर्यंत हात पाण्यात, आणि दोन तांबे पाणी डेऱ्यात. हौद टँकरनं सहा दिवसांपूर्वी भरलेला. झाकणाला पत्रा, पत्र्यावर कोंबड्या. मीठ घालून पहिला पेला मला दिला. 'प्या म्याडम, घरचं हाय.' नाही म्हणवलं नाही, पिलं. मला काही झालं नाही. पण त्यानं काही सिद्ध होत नाही, त्या शिपायालाही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेवकाला सांगून हौदाच्या पाण्यात क्लोरीन आहे का बघायची ओटी टेस्ट करून घेतली. क्लोरीन असतं तर पाणी पिवळं झालं असतं. ते जसंच्या तसं राहिलं.

दही हे स्वतः सुरक्षित अन्न आहे, आणि इथं जंतूंची कामगिरी निर्विवाद आहे. ते दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साडेचारच्या खाली-आसपास येतो आणि त्या आंबटपणात बहुतेक रोगजंतू वाढू शकत नाहीत, बरेच हळूहळू मरतात. फ्रीज नसलेल्या घरांत दूध दुपारपर्यंत नासतं पण दही दोन दिवस टिकतं, ते यामुळंच. पण ही राखण दह्यात दही होताना चालते. जेवायला बसताना त्यात दुप्पट-तिप्पट पाणी ओतलं आणि दहा मिनिटांत पिऊन टाकलं, तर पाण्यातल्या जंतूंना मारायला आम्लाला ना ताकद उरली ना वेळ. रक्ती हगवणीच्या शिगेलाला तर १० ते १०० जंतू पुरतात. नोरोसारखे विषाणू आणि जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचे कोष ताकाच्या आंबटपणाला भीकच घालत नाहीत. म्हणजे पेलाभर ताक पितोय असं आपण म्हणतो, त्यात बहुतांश तो हौदच पितोय.

आपल्या भागात हे जास्त का, तर आपण पाणी साठवणारी माणसं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते विसरलं असेल असं घर इथं नाही. नळ आठ-दहा दिवसांनी आला की दिसेल ते भांडं भरून ठेवायचं, हे हाडात मुरलंय. साठवणं चूक नाही. उघडं ठेवणं आणि हात बुडवणं ही चूक. हौदाला घट्ट झाकण, खाली तोटी, नाही तर लांब दांड्याचं ओगराळं. पिण्याचं आणि ताकाचं पाणी उकळून गार केलेलं, किंवा क्लोरीनचे थेंब लेबलवरच्या मापानं घालून अर्धा तास ठेवलेलं. थेंब आधी पाण्यात, मग ते पाणी ताकात. थेट ताकात घातले तर दुधाचे घटकच क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंपर्यंत काही पोचत नाही. आणि २० लिटरचा गार जार म्हणजे शुद्ध पाणी असं समजू नका, गारपणाचा आणि शुद्धतेचा काही संबंध नाही.

आणखी एक. मुलाचं खाणं करण्याआधी आणि संडासहून आल्यावर साबणानं हात धुण्याची सवय लावलेल्या वस्त्यांत जुलाब सुमारे ३० टक्के कमी झालेले आहेत. कोलकात्याच्या पेयाचे १४ टक्के आठवा आणि साबणाच्या वडीची किंमत आठवा.

आजींसाठी थोडं आंबलीचं, कारण हा विषय निघाला आणि येळवशीची आंबील आठवली नाही असं आमच्या पट्ट्यात होत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला डोक्यावर बिंदगी घेऊन शेतात जायचं, कोपीत पूजा, भज्जी, उंडे आणि वर आंबील. आपली आंबील कशी होते? ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजतं, आंबतं, आणि सकाळी शिजतं. शिजलं की त्यातले जंतू संपले. कढीचं तेच, इडली-ढोकळ्याचं तेच. आंबवल्यानं पीठ हलकं होतं, पचायला सोपं होतं, आंबटपणा उरतो, हा फायदा आहेच. पण 'जिवंत' म्हणाल तर नाही. टांझानियात मका-ज्वारीची तोग्वा नावाची पेज असते, आपल्या आंबलीची चुलत बहीणच. तिथं क्रम उलटा: पेज आधी शिजवायची, कोमट झाली की मोड आलेल्या धान्याचं पीठ आणि आदल्या दिवशीची थोडी तोग्वा घालून आंबवायची. ती रोज प्यायलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या आतड्यात रोगजंतू सापडण्याचं प्रमाण घटलं, हे १९९९ मध्ये छापून आलेलं आहे. आजींना एवढंच सांगा: आंबील शिजवा, बोट सहज बुडेल इतकी कोमट होऊ द्या, मग त्यात ताजं दही फेटून घाला, आणि नातवाला त्याच दिवशी पाजा. चुलीवर आधीच पाण्याला उकळी आलेली असते, त्यामुळं हौदाचाही प्रश्न मिटतो. खरं सांगायचं तर पावसाळ्यात लेकरांसाठी मला पातळ ताकापेक्षा ही आंबील कितीतरी भरवशाची वाटते. लोणच्यात मात्र प्रोबायोटिक शोधू नका. आपलं तेल-मिठाचं लोणचं आंबत नाही, मुरतं.

चांगले जंतू काहीच करू शकत नाहीत अशीही जागा आहे, म्हणून सांगते. एकादशी, शिवरात्र, नवरात्र झालं की दुसऱ्या दिवशी भगरीच्या पिठानं बाधलेली माणसं दवाखान्यात येतात. जुन्या, ओल लागलेल्या पिठात बुरशी विष तयार करून ठेवते. विष आधीच तयार असताना कुठलं ताक आणि कुठली पुडी? भगर निवडून, धुऊन घरी दळायची, सुटं पीठ आणायचं नाही.

आता तुमच्या मुलाचं. आज जुलाब चालू असतील तर ओआरएसचं पाकीट, तेही ज्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय ते. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं, अर्धं नाही. २४ तासांत उरलेलं ओतून द्यायचं. त्याच्या वयाला प्रत्येक पातळ शौचानंतर १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएस म्हणून आणू नका, साखर जास्त असली की जुलाब वाढतात. खाणं बंद करायचं नाही: मऊ खिचडी, दहीभात, केळं. दुधानं पोट फुगत असेल तर चार दिवस दुधाऐवजी दही. दह्याचे जंतू दुधातली साखर पचवायला मदत करतात, आणि जुलाबानंतर नेमकी तीच पचत नसते. इथं आजी शंभर टक्के बरोबर.

आणि झिंक. रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, चमचाभर पाण्यात विरघळवून, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस. माझ्याकडं येणारी जवळपास प्रत्येक आई ही गोळी चौथ्या दिवशी बंद करते, कारण लेकरू खेळायला लागलेलं असतं. पण पूर्ण कोर्सचा फायदा पुढच्या दोन-तीन महिन्यांत असतो, पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता कमी होते. तीन महिन्यांत तीनदा जुलाब झालेल्या मुलाला आधी हीच गोळी पुरी द्यायला हवी होती. पुड्यांच्या आधी पैसे कशात घालायचे ते सांगते असं मी म्हणाले होते ना, ते हे. आणि खरं तर यात पैसेही जात नाहीत, ओआरएस आणि झिंक आशाताईंकडं मोफत मिळतं.

शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, सहा तास लघवी नाही, पाणी पोटात ठरत नाही, मूल मलूल होऊन झोपाळलेलं, किंवा जुलाब चौदा दिवसांवर गेलेले: यातलं एकही असेल तर हे वाचत बसू नका, जवळच्या सरकारी किंवा खासगी दवाखान्यात न्या. त्याला पाळण्यात असताना रोटाव्हायरसचे डोस मिळाले होते का, ६, १० आणि १४ आठवड्यांचे, ते लसीच्या कार्डावर बघून ठेवा. चुलतभावाचंही कार्ड काढा, कदाचित तुमच्या कोड्याचं एक उत्तर तिथंच निघेल.

पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा. तीन वेळच्या औषधांच्या पट्ट्यांवरची नावं. अंगणवाडीच्या कार्डावरची त्याची गेल्या चार महिन्यांतली वजनं. काटा खाली सरकत असेल किंवा अडकून बसला असेल तर मी वेगळा विचार करीन, जंत आणि जिआर्डियासाठी शौचाची तपासणीही सांगेन. आणि घरात ताक कोण करतं, पाणी कशातून काढतं, हे उद्या सकाळी स्वतः उभं राहून बघा. विचारू नका, विचारलं की सगळेच 'उकळलेलं घालतो' म्हणतात.